अंडी खात नाहीत

...नाही, पण मला सांगा, अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षं एकाच जागी उभं राहून, बोटं गारठवणाऱ्या पाण्यात हात घालून, चिमट्याने एकेक मेलेलं अंडं वेचायचं, आणि मग एके दिवशी वॉशिंग्टनहून कागद यायचा की बाई, तुम्ही अनावश्यक! अहो, तोंडी कोणी म्हणालं असतं तर मी सोडून दिलं असतं. माझी सासू म्हणायचीच. पण तिने कधी लेखी दिलं नव्हतं! हे लेखी. वर गरुडाचं चित्र, खाली कुणाची तरी सही, आणि मधे मी... मार्लिस हॉगन, वय एकोणसाठ, सरकारी मत्स्यबीज केंद्र, अंडी विभाग, अनावश्यक.

अंडी म्हणजे कोंबडीची नव्हेत हो. माशाची. ट्राउटची. वाटाण्याएवढं असतं एकेक, मधाच्या रंगाचं, जिवंत असलं की आरपार दिसतं आणि मेलं की पांढरंफटक. आणि मेलेलं अंडं तिथेच राहिलं ना, की त्याला बुरशी धरते, पिंजलेल्या कापसासारखी, ती बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्याला कवटाळते, ते मेलं की त्याच्या शेजारच्याला... म्हणून रोज वेचायचं. रविवार नाही, नाताळ नाही, ताप आला तरी नाही. आणि या वर्षीची अंडी तर साधी नव्हतीच. आमच्या मॅडॉक्स तळ्यातला ट्राउट, माझ्या आजोबांनी पकडलेला, तो तळ्यातून केव्हाच संपला. गेली सत्तर वर्षं ती जात फक्त आमच्या केंद्रातल्या मोठ्या टाकीत जगत होती. या सप्टेंबरात त्या टाकीत रोग शिरला. अंडी काढून घेतली, औषधाच्या पाण्यातून धुतली, आणि मोठे मासे मारावे लागले. सगळे. मी तिथेच उभी होते, मला त्यावर जास्त बोलायचं नाही. उरले सोळा ट्रे. सोळा ट्रे अंडी म्हणजे ती सगळी जात, जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाही. आणि त्यांना सांभाळणारी कोण? अनावश्यक!

आता सरकार बंद पडतं कसं, ते मला विचारू नका. माझ्या नवऱ्याला विचारा, व्हर्नला. तो महिनाभर टीव्हीसमोर बसला होता. पडद्याच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ... सरकार बंद व्हायला नऊ दिवस, चार तास, अकरा मिनिटं. तीस सप्टेंबरच्या आत पुढच्या वर्षीचा पैसा मंजूर करायचा, नाही केला तर सगळं ठप्प. बरं, ही तीस तारीख काय त्यांना अचानक कळते का हो? दरवर्षी सप्टेंबरला तिसावा दिवस असतोच ना? पण नाही! या पक्षाचे म्हणतात, ते वाकल्याशिवाय आम्ही वाकणार नाही. त्या पक्षाचे म्हणतात, हे वाकल्याशिवाय आम्ही वाकणार नाही. आणि दोघंही ताठ उभे, कॅमेऱ्याकडे तोंड करून. मागे एकदा कर्जाच्या मर्यादेचंही असंच केलं होतं. खर्च तुम्हीच मंजूर केलेला, तो करून झालेला, आणि आता घेणेकरी दारात आल्यावर म्हणायचं, उसने घ्यायचे की देशाची अब्रू घालवायची ते आम्ही शेवटच्या घटकेला ठरवू! तेव्हा व्हर्नची गोळी एका महिन्यात दोनदा वाढवली डॉक्टरांनी. मी म्हटलं, अरे टीव्ही बंद कर. तर म्हणतो, मी लक्ष ठेवलं नाही तर कोण ठेवणार? घ्या!

तर एक ऑक्टोबर उजाडला, आणि तुम्हाला सांगते, सरकार बंद म्हणजे घरी बसायचं असं तुम्हाला वाटलं असेल तर तुम्ही भोळे आहात. पहिल्या दिवशी चार तास ऑफिसला यायचं. कशाला? तर ऑफिस बंद करायला! आम्ही सगळे हजर. फ्रीज रिकामा केला, कुंड्यांना पाणी घातलं, आणि आमचे साहेब, क्रेग, वयाने माझ्या मुलाएवढा, हातात यादी घेऊन उभा. भला मुलगा आहे, पण नियम वाचताना त्याचा आवाजच बदलतो. "जीवित आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी लागणारे कर्मचारी आवश्यक. जिवंत प्राण्यांना खाद्य घालणारे कर्मचारी आवश्यक." म्हणजे ऑर्लिन आवश्यक. ऑर्लिन म्हणजे आमचा बाहेरच्या हौदांवरचा माणूस, दुसऱ्या जातींच्या मोठ्या माशांना खाद्य टाकतो, वीस वर्षं टाकतोय, चांगला आहे, पण बोटं केवढी? केळ्याएवढी! आणि अंडी विभाग?

क्रेगने यादी उलटली. पालटली. मग खाली बघून म्हणाला, "मार्लिस, अंडी खात नाहीत."

अंडी खात नाहीत! मी म्हटलं, बाबा रे, खात नाहीत हे मला अठ्ठावीस वर्षं ठाऊक आहे, पण ती जिवंत आहेत की नाहीत? जीवित म्हणा. नसेल पटत तर मालमत्ता म्हणा, सरकारचीच आहेत. दोन्हीपैकी एकात बसवा ना कुठेतरी! तो खरंच तळमळला हो. त्याने वॉशिंग्टनला फोन लावला, अंडं हे जीवित की मालमत्ता एवढं विचारायला. आणि तिकडून काय उत्तर आलं असेल? रेकॉर्ड केलेला आवाज. हा प्रश्न ज्याला विचारायचा तो माणूसही अनावश्यक! सकाळी नऊलाच घरी गेला होता तो.

मग माझ्या चाव्या घेतल्या, ऑफिसचा मोबाइल घेतला, आणि टेबलावरच्या फोनमध्ये निरोप भरायला सांगितला. मी भरला. "मी मार्लिस हॉगन. सध्या मी अनावश्यक आहे. आवश्यक झाले की फोन करीन." क्रेग म्हणाला, असं नको, जरा सौम्य. मी म्हटलं, सौम्य तुमच्या कागदात लिहायचं होतं. आणि मग त्याने शेवटचा कागद काढला. मी त्याला आधीच म्हणाले होते ना, की पगार नको, मी अशीच येते, फुकट वेचते? तर फुकट काम करणं हा गुन्हा! जुना कायदा आहे म्हणे, शंभर सव्वाशे वर्षांचा. सरकारने पैसे मंजूर केले नसताना सरकारचं काम केलं तर दंड, वर तुरुंग. सल्ला देणं? तेही कामच. फोनवर ऑर्लिनला सांगणं? कामच. मी विचारलं, घरी बसून अंड्यांची काळजी केली तर? क्रेगने यादीत बघितलं... खरंच बघितलं हो त्याने!

तर मी घरी. लेखी अनावश्यक. आणि आमच्या चर्चमधल्या बायका! त्यांचं मन मोठं आहे, मी नाव ठेवत नाही, पण त्यांना कळलं की हॉगनांच्या घरी पगार थांबलाय, आणि दारात हॉटडिश यायला लागल्या. बीफचा खिमा, डब्यातलं सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत तुकडे, ओव्हनमधून काढलेलं भांडं तसंच, झाकणाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. पाचव्या दिवशी आमच्या फ्रीजमध्ये सात हॉटडिश! आयुष्यभर मी लोकांकडे भांडी पोचवली, मयताला, बाळंतपणाला. घेताना कसं उभं राहायचं ते मला माहीतच नव्हतं. दारात उभी राहून रडले एकदा. पाद्रीबाईंना वाटलं पगारासाठी रडतेय. मी अंड्यांसाठी रडत होते. ऑक्टोबर लागला तेव्हा त्यांना नुकते डोळे फुटले होते हो. त्या मधाच्या थेंबात दोन काळे ठिपके दिसतात, आणि ट्रे उचलला की ते ठिपके वळतात. हजारो डोळे बघतात तुमच्याकडे! आणि त्यांच्याकडे बघायला कोण? ऑर्लिन. वाचायचा चष्मा ट्रकमध्ये विसरून येणारा ऑर्लिन!

मग मी युक्ती काढली. केंद्राच्या कुंपणाला लागून गावचा रस्ता जातो. रस्ता सरकारचा नाही, गावचा. तिथे उभं राहायला काही बंदी नाही. रोज अकराला मी कुंपणापाशी, ऑर्लिन आतून. कामाचं बोलायचं नाही, म्हणून आम्ही पाहुण्यांचं बोलायचो. मी विचारायचे, काय रे ऑर्लिन, चार नंबरच्या घरी कसं काय? तो म्हणायचा, बरं आहे. नऊ नंबरकडे? बरं आहे. अकरा नंबरची मंडळी? तर म्हणाला, "तसं... वाईट नाही."

आता इथे चूक माझी. मी इथलीच ना! उत्तर विस्कॉन्सिनात जन्मले, इथेच वाढले, मला कळायला हवं होतं. आमच्या माणसाच्या घराला आग लागली ना, तर तो म्हणेल आज जरा ऊब आहे. माझ्या वडिलांच्या बोटावर करवत चालली तेव्हा आत येऊन आईला म्हणाले, एखादं फडकं आहे का, घाई नाही. आमच्याकडे "बरं आहे" म्हणजे ठीक, आणि "वाईट नाही" म्हणजे धावा! पण मी काय केलं? मीही तशीच. त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, बरं बरं. पुढच्या दिवशी म्हणाला, "अकरा नंबरकडे जरा वेगळं दिसतंय." मी म्हटलं, अस्सं. त्याच्या पुढच्या दिवशी, "बारा-तेराकडेही तसंच आहे म्हणतात." मी म्हटलं, हवा बदललीय. असे चार दिवस! दोन म्हातारी माणसं कुंपणाच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून जपत होती, आणि आत बुरशी चढत होती. वॉशिंग्टनवाले निदान एकमेकांना शिव्या तरी देत होते!

अठराव्या दिवशी, शनिवार होता, मी कुंपणापाशी पोचते तो चार गाड्या. आमच्या भागातले खासदार! फाटकावर पाटी होती, सरकार बंद असल्याने केंद्र बंद. पाटी लावणारा मात्र आवश्यक होता बरं का. तर त्या पाटीसमोर उभे राहून त्यांनी दुःखी चेहरा केला, आणि फोटोवाला म्हणाला थोडं डावीकडे, तर दुःख तसंच ठेवून डावीकडे सरकले. मी गेले पुढे. मी म्हटलं, साहेब, आत सोळा ट्रे आहेत, एका जातीचं शेवटचं बी आहे, आणि एकच प्रश्न आहे, अंडं हे जीवित की मालमत्ता, तुम्ही एक फोन करा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. आवाज असा, तुपात भिजवलेला... "ताई, तुमची तळमळ माझ्यापर्यंत पोचली. हा प्रश्न तुम्ही समोरच्या पक्षाला विचारा." आणि गेले. अहो, पुढच्या आठवड्यात समोरच्या पक्षाचे आले! तीच पाटी, तसंच डावीकडे. मी ऑर्लिनला म्हटलं, यांना माशांकडे नेऊ नकोस, मासे खाद्य सोडतील. आणि या दोघांचा पगार चालू होता हो, तो कायद्यानेच थांबत नाही. ते आवश्यक!

पण त्या शनिवारी गाड्या गेल्या, धूळ बसली, आणि ऑर्लिन कुंपणापाशी आला. कॉफीच्या थर्मासचं झाकण जाळीतून पुढे केलं. आत पाणी, आणि पाण्यात अकरा नंबरचा एक पुंजका. कापूस. सगळा कापूस, आणि त्यात अडकलेले काळे ठिपके. मी ते झाकण हातात धरून उभी राहिले.

"मार्लिस," तो म्हणाला, "हे काही बरं नाही." वीस वर्षांत त्याच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी व्हर्नला टीव्ही बंद करायला लावला आणि विचारलं, कायदा काय म्हणतो? कर्मचाऱ्याने काम करायचं नाही. बरोबर? बरोबर. पण मी कर्मचारी म्हणून गेलेच नाही, भुरटी म्हणून गेले तर? कुंपण ओलांडून कुणी परकी बाई आत शिरली, तर तो काम करण्याचा गुन्हा नाही, तो घुसखोरीचा! त्याला साधा दंड आहे. व्हर्नने उठून गॅरेजचं दार उघडलं. मग म्हणाला, शिडी देऊ का?

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाला सगळं गाव चर्चमध्ये. मी, तुम्हाला सांगते, आयुष्यात कधी ठरलेल्या वेगापेक्षा जास्त गाडी चालवली नाही, ग्रंथालयाचं पुस्तक उशिरा दिलं नाही... ती मी, एकोणसाठाव्या वर्षी, जाळीवर एक पाय अलीकडे, एक पलीकडे, चर्चचा कोट काट्यात अडकलेला, आणि आतून ऑर्लिन कुजबुजतोय की घाई नाही! फाटक उघडं होतं हो. नंतर कळलं. तो सांगायला लाजला.

आत गेले आणि ट्रे बघितले. अकरा ते पंधरा, पाचच्या पाच, गेलेले. काही करण्यासारखं नव्हतं. माझी मुलं गेल्यासारखं वाटलं म्हणणार नाही, मला मुलं आहेत, ते वेगळं. पण ऑर्लिनला हात लावू दिला नाही. पाच ट्रे मी स्वतः रिकामे केले. मग हात पाण्यात घातला, चिमटा घेतला, आणि सोळा नंबरला बसले. कडेकडेने बुरशी धरली होती. वेचत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मागे दार वाजलं. क्रेग! तो साहेब, तो रोज तासभर इमारत बघून जायला आवश्यक होता. मी चिमटा हातात धरून तशीच बसले. म्हटलं, झालं, संपलं, अठ्ठावीस वर्षं, निवृत्ती, सगळं.

क्रेगने माझ्याकडे बघितलंच नाही. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघत ऑर्लिनला विचारलं, "इथे कोणी आहे का?"

"नाही साहेब."

"मग त्या नसलेल्या बाईंना सांग, डोक्यावरचा दिवा कमी करा. अंड्यांना इतका उजेड सोसत नाही." आणि गेला.

मी रोज नसायला जायचे मग! लेखी अनावश्यक, आणि तोंडी नसलेली. रोज अकरा ते दोन. चर्चच्या बायका हॉटडिश घेऊन आल्या की व्हर्न सांगायचा मार्लिसला सर्दी आहे, झोपलीय. तीन आठवडे सर्दी! पाद्रीबाईंनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. मी देवाची माफी मागितली, पण ट्रे सोडला नाही. अकरा ट्रे राहिले. एकेक करून राहिले ते.

एक्केचाळिसाव्या दिवशी ते दोन्ही पक्ष वाकले. दोघंही म्हणाले समोरचा वाकला. सरकार उघडलं, आणि उघडलं त्या दिवशी सुट्टी होती, अकरा नोव्हेंबर, माजी सैनिकांची! म्हणून बाराला गेले. क्रेगने एक फॉर्म पुढे केला. बंदच्या काळात मी सरकारचं कोणतंही काम केलं नाही, असं लिहून सही करायची. मी सही केली. त्याखाली दुसरा फॉर्म होता, पाच ट्रे अंडी नष्ट होण्याचं कारण. त्यात "वीज गेली" होतं, "पूर आला" होतं, "पक्ष्यांनी खाल्ली" होतं... आणि "इतर". मी "इतर"वर खूण केली. पुढे दोन ओळींची जागा होती. आम्ही दोघं त्या दोन ओळींकडे बघत बसलो, आणि त्या कोऱ्याच गेल्या.

आणि मग फुटली हो अंडी! अकराच्या अकरा ट्रेमधून. सुईएवढी पिल्लं, आरपार, डोळेच डोळे. ऑर्लिनला बोलावलं. तो चष्मा आणायला ट्रककडे पळाला, परत आला, बघितलं, आणि म्हणाला, "वाईट नाही." माझा जीव गेला एक क्षण! मग बघितलं तर हसत होता.

पण ऐका. पिल्लू निघालं म्हणजे लगेच खात नाही. पोटाखाली पिवळी पिशवी असते, आईने बांधून दिलेली शिदोरी. तिच्यावर ते जगतं, ती संपली की मग तोंड उघडतं, मग ऑर्लिनचं खाद्य. ही शिदोरी पुरते नाताळपर्यंत. आणि वॉशिंग्टनमध्ये त्या शहाण्यांनी सरकारला शिदोरी किती बांधून दिलीय? बारा डिसेंबरपर्यंत! सुईएवढा मासा, डोक्यात मेंदू किती असेल हो, तो नाताळपर्यंतची सोय करून जन्माला येतो, आणि हे एवढे मोठे थोर लोक... जाऊ द्या. टीव्हीच्या कोपऱ्यात घड्याळ पुन्हा आलंय. व्हर्न समोर बसलाय.

मी काल क्रेगला विचारलं, बारा तारखेला ही पिल्लं कशात बसतात? त्याने यादी काढली, उलटली, पालटली, आणि खाली बघून म्हणाला, मार्लिस, ती अजून खात नसतील. घरी गेले, आणि पाद्रीबाईंना फोन करून आत्ताच सांगून ठेवलं, की चौदा डिसेंबरच्या रविवारी मला सर्दी होणार आहे.